अवजारशाळेचा रुंद दरवाजा : निवड व निगा

ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र, मळणीयंत्र ही साधने आता पुष्कळ गावांत आली आहेत. काही ठिकाणी ती एकट्या शेतकऱ्याच्या मालकीची असतात, तर काही ठिकाणी गटाच्या किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या अवजार बँकेची. यंत्रे उन्हापावसात राहू नयेत म्हणून शेड बांधली जाते. शेडच्या भिंती, कैच्या आणि पत्रे यांचा विचार बऱ्यापैकी होतो. दरवाजाचा विचार मात्र अगदी शेवटी, उरलेल्या पैशांत होतो. गावातील वेल्डिंगच्या दुकानात तोंडी मापे सांगावयाची आणि जे तयार होईल ते बसवावयाचे, अशी सर्वसाधारण रीत आहे. वळवाच्या पहिल्या झोताबरोबर छपराचे पत्रे उडतात, तेव्हा दोष वाऱ्याला आणि पत्र्याला दिला जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा दोष उघड्या राहिलेल्या अथवा कडी तुटलेल्या दरवाजाचा असतो.

घराचा दरवाजा व शेडचा दरवाजा यांत मोठा फरक आहे. घराच्या दरवाजातून माणूस जातो. शेडच्या दरवाजातून अवजार जोडलेला ट्रॅक्टर जातो. त्यामुळे मध्ये खांब न घेता दहा, बारा, कधी सोळा फुटांची मोकळी जागा सोडावी लागते. लहान विमानांच्या हँगरपुढेही हाच प्रश्न असतो. सेस्ना १७२ या चार आसनी विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ३६ फूट असतो, पण उंची ९ फुटांच्या आतच. म्हणून तेथे दरवाजा उंच नव्हे, रुंद लागतो. सरकते, घडीचे आणि सबंध वर उचलले जाणारे दरवाजे हँगरसाठी याच गरजेपोटी वापरले जातात. शेतकऱ्याची गरज त्याहून लहान असली तरी वाऱ्याचा नियम दोघांना एकच आहे.

वाऱ्याचा जोर किती असतो

वाऱ्याचा वेग दर सेकंदास किती मीटर, हा आकडा घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि त्यास ०.०६१ ने गुणावे. येणारे उत्तर म्हणजे वाऱ्याला सामोऱ्या असलेल्या एका चौरस मीटर पृष्ठभागावर पडणारा स्थूल दाब, किलोमध्ये. वळवाच्या वादळात ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदास २० मीटर, वेगाचा झोत येणे मुळीच अपूर्व नाही. अशा वेळी दर चौरस मीटरवर सुमारे २४ किलो दाब येतो. दरवाजा १२ फूट रुंद व १२ फूट उंच असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे १३.४ चौरस मीटर होते; म्हणजे सबंध दरवाजावर सव्वातीन क्विंटलचा रेटा बसतो. वेग दुप्पट झाला तर रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

इमारतीवरील वाऱ्याच्या भारासंबंधी भारतीय मानक ८७५, भाग ३ यामध्ये पुणे व नाशिकसाठी मूळ वेग सेकंदास ३९ मीटर, तर मुंबई व नागपूरसाठी ४४ मीटर धरला आहे. ३९ मीटर वेगाने वर सांगितलेल्या दरवाजावर सुमारे साडेबारा क्विंटल आणि ४४ मीटर वेगाने पावणेसोळा क्विंटलपर्यंत रेटा येतो. असा वारा रोज वाहत नाही. परंतु दरवाजा पंचवीस-तीस वर्षांसाठी बसवावयाचा असतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता आणि झोत १२० पर्यंत जात होते. त्या झोताने बारा फुटी दरवाजावर नऊ क्विंटलचा भार पडतो.

दरवाजा मोडला तर केवळ दरवाजाचे नुकसान होते, असा समज आहे. खरा धोका छपराला असतो. समजा, शेड ३० फूट लांब व २० फूट रुंद आहे, भिंत १४ फूट उंच आहे आणि बारा फुटी दरवाजा लांब भिंतीत आहे. दरवाजा बंद असताना शेडमध्ये फारसा वारा शिरत नाही आणि छपराला आतून बसणारा वरचा रेटा वाऱ्याच्या दाबाच्या सुमारे एक पंचमांश धरतात. भिंतीचा पाचवा हिस्सा किंवा अधिक भाग उघडा असला तर हेच प्रमाण दहास सात धरावे लागते. या शेडमध्ये दरवाजा भिंतीचा तिसरा हिस्सा व्यापतो. तेव्हा ताशी ७२ किलोमीटर वाऱ्यात दरवाजा बंद असल्यास छपरावर आतून सुमारे पावणेतीन क्विंटल रेटा येतो. वाऱ्याच्या बाजूचा दरवाजा उघडा असल्यास तोच साडेनऊ क्विंटल होतो. त्या छपराच्या पत्र्यांचे स्वतःचे वजन जेमतेम पावणेतीन क्विंटल भरते. बाहेरून वारा छपराला वर ओढतो ते वेगळेच. अशा वेळी सारा भार पत्र्याच्या हुकांवर आणि कैचीच्या बोल्टांवर पडतो. वादळ आल्यावर ट्रॅक्टर आत घेण्यासाठी वाऱ्याच्या तोंडावरील दरवाजा उघडणे म्हणजे यंत्र वाचविण्याच्या नादात छपराला वाऱ्याच्या हवाली करणे होय. ढग भरून येताच यंत्र आत घ्यावे आणि दरवाजा सर्व कड्यांसह बंद करावा. तेवढी सवड मिळाली नाही तर ट्रॅक्टर बाहेर भिजू द्यावा. तो भिजल्याने मोठे बिघडत नाही.

तोंड कोणत्या दिशेस असावे

पावसाळ्याचे चार महिने वारा मुख्यतः पश्चिम व नैर्ऋत्य दिशांकडून येतो. म्हणून शक्य असेल तेथे दरवाजा पूर्वेस अथवा ईशान्येस ठेवावा. पाऊस थेट आत येत नाही, झडपेचा खालचा भाग कमी भिजतो आणि गंज उशिरा लागतो. पण वळवाचा वारा या नियमास बांधलेला नसतो. तो ढगाखालून चहूकडे पसरतो आणि कोणत्याही बाजूने येऊ शकतो. शिवाय वारा पश्चिमेकडून आला तरी पूर्वेच्या दरवाजास धोका नसतो असे नाही; आडोशाच्या बाजूस हवा दरवाजाला बाहेर ओढते. यास्तव कडी-कोयंडा आत ढकलणाऱ्या आणि बाहेर ओढणाऱ्या, अशा दोन्ही जोरांस पुरेल असा असला पाहिजे. बहुतेक शेडच्या कड्या चोराला अडविण्याच्या हिशेबाने केलेल्या असतात, वाऱ्याला अडविण्याच्या हिशेबाने नाही.

कोणता दरवाजा घ्यावा

मोजमाप ठरविताना आज असलेले यंत्र न पाहता पुढील दहा वर्षांत येऊ शकणारे सर्वांत रुंद अवजार पाहावे आणि त्याच्या दोन्ही बाजूंस दीड-दीड फूट जागा सोडावी. एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरसाठी बहुधा दहा ते बारा फूट पुरतात. जेथे कापणी-मळणीचे मोठे यंत्र ठेवावयाचे तेथे हिशेब बदलतो, कारण त्याचा पुढील कापणीचा भाग बहुधा १४ फुटांच्या आसपास असतो. उंचीसाठी ट्रॅक्टरचे छत, धुराडे आणि मळणीयंत्राचा सर्वांत उंच भाग प्रत्यक्ष टेपने मोजावा.

बिजागरीचा दोन झडपांचा दरवाजा सर्वांत स्वस्त, कोणत्याही गावात होणारा आणि दुरुस्तीस सोपा. बारा फुटांपर्यंत तो चांगला चालतो. तो बाहेर उघडणारा असावा. म्हणजे समोरचा वारा झडपेस चौकटीवर दाबून धरतो आणि आतली जागाही मोकळी राहते. त्याचा मोठा दोष उघड्या झडपेत आहे. सहा फूट रुंद व बारा फूट उंच झडप उघडी असताना ताशी ७२ किलोमीटरचा झोत आडवा लागला, तर तिच्यावर सुमारे १६० किलोचा जोर येतो, आणि कडेला धरून ती आवरावयास ८० किलोचा जोर लावावा लागतो. हे एका माणसाच्या आटोक्याबाहेरचे आहे. झडप आवरावयास धावलेली व्यक्ती भिंत आणि झडप यांमध्ये सापडू शकते. म्हणून झडप पूर्ण उघडल्यावर तिला धरून ठेवणारा लोखंडी आकडा भिंतीत अथवा जमिनीत पुरलेल्या खुंटास हवाच. दगड लावून ठेवण्याची सर्वत्र दिसणारी पद्धत बंद करावी.

बारा ते वीस फुटांसाठी वरून टांगलेला सरकता दरवाजा उत्तम. झडप रुळावरील चाकांना लोंबकळते आणि भिंतीलगत बाजूला सरकते. तिला वाऱ्याचा झोत आडवा लागत नाही, दरवाजासमोर मोकळी जागा लागत नाही आणि अर्धा दरवाजा उघडूनही काम भागते. मात्र बाजूस झडपेच्या रुंदीइतकी सलग भिंत पाहिजे. ही भिंत नकाशातच राखावी. नंतर तेथे खिडकी अथवा पाण्याची टाकी आली की दरवाजा निकामी होतो. जमिनीवरील रुळावर धावणारा दरवाजाही असतो आणि फार जड दरवाजास तोच योग्य. परंतु ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर येणारा चिखल त्या रुळात बसून वाळतो व दोन पावसांत दरवाजा जागचा हलत नाही. शेतातील शेडसाठी तो टाळावा.

गुंडाळी शटर दुकानदारांमुळे सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. ते जागा खात नाही आणि चोरापासून संरक्षणही बरे देते. दहा फुटांपुढील रुंदीत मात्र त्याच्या पट्ट्या वाऱ्याने फुगतात आणि कडेच्या खाचांतून निसटतात; तेथे पट्ट्यांच्या टोकांना वाऱ्यासाठी खास अटकाव बसवून घ्यावा. मोठे शटर हाताने न ओढता साखळीने चालणारे घ्यावे. सबंध वर उचलले जाणारे, विजेवर चालणारे दरवाजे हँगरमध्ये शोभतात. जेथे वादळाबरोबर वीजही जाते, तेथे हाताने बंद करण्याची सोय नसलेला कोणताही दरवाजा निरुपयोगी समजावा.

शेडमध्ये धान्याची पोतीही ठेवावयाची असतील तर निर्णय बदलतो. सरकत्या दरवाजाच्या भोवती बोटभर फट राहतेच आणि उंदराच्या पिलास अर्ध्या सेंटिमीटरहून थोडी अधिक जागाही पुरते. धान्यास धुरी देणे तर अशा खोलीत शक्यच नाही. धान्यासाठी घट्ट बसणारा बिजागरीचा दरवाजा असलेली वेगळी खोलीच काढावी.

कोणताही प्रकार घेतला तरी मोठ्या झडपेत माणसापुरता लहान दरवाजा ठेवावा. जुन्या वाड्यांची ही पद्धत होती. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातही असा दिंडी दरवाजा आहे. रोजच्या ये-जा करण्यासाठी बारा फुटांची झडप हलवावी लागली नाही म्हणजे बिजागऱ्या व चाके अधिक वर्षे टिकतात. घरातील बाई अथवा वृद्ध माणूस एकट्याने आत जाऊ शकतो. दिंडी आतूनही उघडता आली पाहिजे. ट्रॅक्टरचे तेल, गवत आणि विजेच्या तारा एका छपराखाली असतात, तेथे आत अडकलेल्या माणसास वाट हवी.

काळ्या जमिनीतील चौकट

पावसाळ्यात दरवाजा अडकतो आणि उन्हाळ्यात त्याला फट पडते, ही तक्रार काळ्या भारी जमिनीच्या गावांत नेहमी ऐकू येते. लोक लाकूड फुगले असे म्हणतात. लाकूड फुगते हे खरे. पण लोखंडी दरवाजाही अडकतो, याचे उत्तर त्यात नाही. काळी जमीन ओलाव्याने फुगते व वाळल्यावर भेगाळून आकसते. दरवाजाच्या दोन बाजूंचे खांब उथळ पायावर असले तर ते सारखे वरखाली होत नाहीत, एक थोडा कलतो. बारा फूट उंचीवर खांब एक इंच कलला तरी झडपा एकमेकींवर चढतात. मग सुतार झडप तासतो किंवा वेल्डर कड कापतो, आणि वैशाखात तेथून हात जाईल एवढी फट दिसते.

यावर झडप कापणे हा उपाय नव्हे. खांबाचा पाया काळ्या थरातून खाली मुरुमापर्यंत न्यावा. काळा थर फार खोल असेल तर खाली कंद असलेले, म्हणजे तळाशी रुंद केलेले, काँक्रीटचे खुंट घ्यावेत. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ही पद्धत आपल्याकडे रूढ केली आणि अशा खुंटांची खोली साधारणपणे साडेतीन मीटर धरतात. दोन्ही खांब जमिनीखाली काँक्रीटच्या तुळईने व वर लिंटेलने जोडावेत. पागोळ्यांचे पाणी खांबाच्या बुडाशी साचू देऊ नये. एका बाजूस पाणी मुरले व दुसरी कोरडी राहिली की कलंडणे अटळ असते. जुन्या शेडमध्ये एवढे काम शक्य नसेल, तर निदान दरवाजासमोर उताराची फरशी करून पाणी दूर काढावे व बिजागऱ्या बोल्टने वरखाली सरकविता येतील अशा बसवाव्यात.

झडपेची घडण

झडप जितकी जड तितकी मजबूत, ही समजूत चुकीची आहे. सहा बाय बारा फुटांच्या झडपेस ४० मिलिमीटरच्या अँगलची चौकट, तीन आडव्या पट्ट्या, एक तिरकी पट्टी आणि अर्धा मिलिमीटरचा नालीदार पत्रा घेतल्यास तिचे वजन ९० ते ९५ किलो होते. त्याच चौकटीवर २ मिलिमीटरचा सपाट पत्रा घेतला तर वजन १६५ किलोवर जाते. वाऱ्याला तोंड देते ती चौकट आणि तिरकी पट्टी. जाड पत्र्याने केवळ बिजागऱ्या लवकर झिजतात.

तिरकी पट्टी कोणत्या बाजूने घ्यावी याविषयी पुष्कळ दुकानांत गोंधळ असतो. झडपेचे मोकळे टोक आपल्या वजनाने खाली झुकू पाहते. पट्टी लाकडाची असेल तर ती खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यापासून वरच्या मोकळ्या कोपऱ्याकडे गेली पाहिजे. म्हणजे ती टेकू देते. ओढ घेणारी पातळ सळई वापरावयाची असल्यास नेमकी उलट, वरच्या बिजागरीपासून खालच्या मोकळ्या कोपऱ्याकडे घ्यावी. झडप ताब्यात घेताना हे एकच पाहिले तरी अर्धे काम होते. सरकत्या दरवाजात याच्या जोडीला तीन गोष्टी पाहाव्यात : रुळावर पावसाचे पाणी न पडेल अशी पत्र्याची टोपी, झडप वाऱ्याने बाहेर ओढली जाऊ नये म्हणून तळाशी मार्गदर्शक, आणि रुळाच्या दोन्ही टोकांस बोल्टने पक्के केलेले अडथळे.

या अडथळ्यांविषयी गावपातळीवरील कार्यकर्त्याने आग्रह धरला पाहिजे. अडथळा नसला अथवा बोल्ट गळून पडला तर जोरात ढकललेली झडप रुळाच्या टोकावरून सुटते आणि बारा फूट उंचीचे शंभर किलो लोखंड आडवे कोसळते. सरकत्या दरवाजाला धरून झोका घेणे हा लहान मुलांचा आवडता खेळ आहे. शेडला भेट देताना मापे व अनुदानाची कागदपत्रे पाहिली जातात. त्याच वेळी मान वर करून हे दोन अडथळेही पाहावेत.

निगा

वळीव एप्रिलात सुरू होतो, म्हणून वर्षाची मुख्य तपासणी मृगापूर्वी नव्हे, गुढीपाडव्यापूर्वी व्हावी. दुसरी तपासणी खंडेनवमीस अवजारांची पूजा होते तेव्हा सहज होऊ शकते. पूजेत नांगर, ट्रॅक्टर आणि कोयतेही असतात. दरवाजाकडे कोणी पाहत नाही.

प्रथम दोन्ही खांबांस ओळंबा लावावा. नंतर झडप अर्धी उघडून सोडावी. ती आपोआप चालू लागली तर खांब कलला आहे असे समजावे. बिजागरीच्या मुळाशी वेल्डिंगला बारीक चीर गेली आहे का, हे रंग खरवडून पाहावे. जमिनीतील ज्या भोकात खिट्टी बसते त्यात माती भरते आणि खिट्टी अर्ध्यावर राहते. बाहेरून दरवाजा बंद दिसतो, परंतु तो वाऱ्यासाठी उघडाच असतो. भोकात नळीचा तुकडा बसवावा व ते महिन्यातून एकदा साफ करावे.

रुळावर ग्रीस फासण्याची सवय चांगली नाही. धूळ व भुसा त्यात मिसळून कानसीसारखा लेप तयार होतो आणि चाके झिजतात. रूळ कोरड्या ब्रशने झाडावा. तेल किंवा ग्रीस चाकाच्या बेअरिंगलाच द्यावे. शटरच्या कडेच्या खाचांनाही हाच नियम. शटर जड झाले म्हणून त्याची वरची स्प्रिंग घरी उघडू नये. पिळून भरलेली ती स्प्रिंग सुटली तर हात मोडण्याइतका तिच्यात जोर असतो. हे काम शटरच्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

गंज बहुतेक वेळा खालच्या एका फुटात सुरू होतो. तळाच्या चॅनेलमध्ये पाणी साचते, म्हणून त्याला दर दोन फुटांवर बोटाएवढे भोक पाडावे. गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढून प्रायमर व त्यावर रंगाचे दोन हात द्यावेत. गंजावरच रंग दिल्यास तो एक पावसाळाही टिकत नाही. कोकणात खाऱ्या हवेमुळे साधे बोल्ट लवकर सडतात. तेथे जस्त चढविलेले अथवा स्टेनलेस स्टीलचे वापरावेत. लाकडी झडपेचा तळ जमिनीपासून दोन इंच वर ठेवावा व वाळवीची माती दिसताच काढावी.

युरिया व इतर रासायनिक खतांची पोती दरवाजालगत रचू नयेत. ही खते हवेतील ओलावा शोषून घेतात आणि पोत्याखालून झिरपणारे पाणी लोखंड झपाट्याने खाते. पोती भिंतीपासून व झडपेपासून दोन फूट दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत. ठेवण्यास दुसरी जागाच नसेल तर झडपेचा खालचा भाग दर महिन्यास धुऊन, पुसून कोरडा करावा.